पाठ टेकलेली, धार पुढे

वस्तऱ्याची धार डोळ्यांना दिसत नाही. पातं उलटं करून, धार वर धरून उजेडाखाली पाहावं. कुठे पांढरी रेघ चमकली तर तेवढ्या जागी पातं बोथट आहे, असं खुशाल समजावं. प्रकाश परतवायला थोडी तरी सपाट जागा लागते आणि चांगल्या धारेवर तेवढी जागाही शिल्लक नसते. पातं काळोखात विरून जावं तसं कडेला संपतं, तेव्हा ते कामाचं झालं. ही पहिली परीक्षा मला आजोबांनी शिकवली. पंचवटीत सगळे त्यांना तात्या म्हणायचे. आमच्या घराचं काम पिढ्यान्‌पिढ्या नाशिकला रामकुंडावर चालत आलेलं: जावळं, मुंज्या मुलांचं वपन, दशक्रियेचं क्षौर. आता पेठ रोडला माझं दुकान आहे, खुर्च्या आहेत, एसी आहे. गिऱ्हाइकावर मी उघडा वस्तरा चालवत नाही. तरी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात मी आधी दगड देतो. का देतो, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

तात्यांच्या धोपटीत चार वस्तरे असत, एक कात्री, एक नराणी, पितळी वाटी आणि फडक्यात गुंडाळलेला दगड. वस्तरे परदेशी होते. त्यांतल्या दोहोंच्या मुठीजवळ पोलादात ‘सोलिंगेन’ कोरलेलं होतं. जर्मनीतलं हे गाव पात्यांसाठी इतकं नावाजलेलं की १९३८ साली तिथे कायदाच झाला: त्या परिसरात घडवलेल्या मालालाच ते नाव लावता येईल. तिसरा वस्तरा इंग्लंडच्या शेफील्डचा. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेलं एकजीव पोलाद काढलं आणि तेव्हापासून वस्तऱ्याच्या धंद्यात त्या गावाचा दबदबा झाला. चौथा कुठला होता, हे तात्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याच्यावरची अक्षरं घासून गेली होती. पण काम पडलं की त्यांचा हात आधी त्याच्याकडे जायचा.

वस्तरा हे हत्यार किती विचाराने घडवलेलं आहे, हे दगडावर ठेवल्याशिवाय कळत नाही. पात्याची पाठ जाड असते, मधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला असतो आणि पुढे धार. दगडावर पातं आडवं ठेवलं की दोनच जागा टेकतात, पाठ आणि धार. दुकानात ज्याला आम्ही पाच-आठचा म्हणतो, त्या वस्तऱ्याची रुंदी इंचाचे पाच अष्टमांश, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. पाठीची जाडी पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. या दोन मापांवरूनच धारेचा कोन ठरतो, दोन्ही बाजू मिळून सोळा-सतरा अंश. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन सहसा याच्या दुप्पट असतो आणि तो लावणाऱ्याला अंदाजाने हातात धरावा लागतो. वस्तऱ्यात तो घडवणाऱ्यानेच पात्यात बसवून ठेवलेला असतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं पाजवून पातं अरुंद झालं तरी कोन फारसा बदलत नाही. शिकणाऱ्याने फक्त एक पथ्य पाळायचं: पाठ दगडावरून उचलायची नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. करताना मात्र मनगट दर खेपेला वळायला बघतं. पातं दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं, धार पुढे, पाठ मागे, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. दगडाची रुंदी पात्याच्या लांबीपेक्षा कमी असते म्हणून हात तिरका सरकत जातो. मुठीकडून सुरुवात होते आणि टोकाशी संपते. शेवटाला पोचलं की पातं परतायचं आणि उलट दिशेने आणायचं. परतताना ते पाठीवर लोळवायचं. धारेवर लोळवलं तर आतापर्यंत केलेलं सगळं त्या एका वळणात जातं. तात्या समोर बसून माझ्या हाताकडे बघत नसत. ते ऐकत असत. दोन्ही दिशांना आवाज सारखा आला पाहिजे. एका बाजूला ‘सुर्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खर्र’ असं झालं की डोळे न उघडता म्हणायचे, “डावीकडं दाबतोयस. वस्तऱ्याचं वजन त्याचं त्याला पुरतं.”

दगडावर वस्तरा टेकवू देण्याआधी मात्र त्यांनी मला दगड सपाट करायला बसवलं होतं. तो सगळा पावसाळा माझा त्यातच गेला. दगड वापरून मध्ये खोलगट होतो. खोलगट दगडावर सरळ पात्याच्या मधल्या भागाला दगड लागतच नाही. म्हणून जाड काचेवर ओला पॉलिश पेपर पसरायचा, दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत घासायचं. कोपऱ्यातली रेघ गेली आणि मधली राहिली तर अजून काम बाकी आहे. मला तेव्हा वाटायचं की हे हमाली काम आहे, खरं शिक्षण पुढे आहे. आज मी पोरांना तेच करायला लावतो, कारण दगड सपाट करताना दोन्ही हात सारखा भार द्यायला शिकतात आणि डोळ्यांना बारीक फरक पाहायची सवय लागते. त्याशिवाय वस्तरा हातात देण्यात अर्थ नाही.

तात्यांचा दगड दोन थरांचा होता. वरचा थर ओल्या हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचा, खालचा काळसर निळा. त्यांना तो त्यांच्या मामांकडून मिळाला होता आणि मामांनी मुंबईहून आणला होता, एवढंच त्यांना माहीत होतं. पुढे मी वाचत गेलो तेव्हा कळलं, असा दगड बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरांत निघतो; त्याला कोटिक्यूल म्हणतात. पिवळा थर इतका पातळ असतो की बहुतेक वेळा त्याला खालच्या निळ्या दगडाचा आधार ठेवूनच कापतात. त्या पिवळ्या थरात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण ठासून भरलेले असतात. हे कण अनेक पैलूंचे, जवळपास गोलसर असतात, त्यामुळे पोलादावर खोल ओरखडा न पाडता ते उथळ उथळ खातात. पाण्याचे दोन थेंब टाकून दगडाचा छोटा तुकडा त्यावर चोळला की दुधासारखा गाळ सुटतो. गाळ दाट असेल तर दगड झपाट्याने खातो, पाणी घालून पातळ करत नेला तर तोच दगड पॉलिश करतो. तात्या एकाच दगडावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायचे, ते या गाळाच्या जोरावर. आज बाजारात नंबरवार कृत्रिम दगड मिळतात: १०००, ४०००, ८०००, १२०००. शिकणाऱ्याला ते बरे, कारण प्रत्येक पायरी वेगळी दिसते.

या पायऱ्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची. १००० नंबरच्या दगडावर पात्याचे दोन्ही उतार एकमेकांना भेटले पाहिजेत, मुठीपासून टोकापर्यंत, कुठेही खंड न पडता. भेट झाली की नाही, हे उजेडात बघायचं आणि अंगठ्याच्या ओल्या नखावरून पातं नुसतं आपल्या वजनाने ओढायचं. धार तयार असेल तर पातं नखाला चिकटल्यासारखं सरकतं. कुठे खाच असेल तर टक्‌ करून जाणवते. कुठे बोथट असेल तर तिथे घसरतं. एवढ्याने भागत नसेल तर उतारावर मार्कर पेनने शाई लावायची आणि दगडावर दोन हात मारायचे. शाई धारेपर्यंत पुसली गेली नाही म्हणजे दगड धारेला पोचलेलाच नाही. उतावळा माणूस इथेच पुढचा दगड हातात घेतो. मग १२००० वर तासभर घासला तरी वस्तरा ओढतोच, कारण बारीक दगड चकाकी आणतो, भेट घडवत नाही.

पुढच्या दगडांवर भार कमी कमी करत जायचं. शेवटच्या दगडावर बोटांनी पातं फक्त वळणापुरतं धरायचं. या टप्प्यावर मला पाण्याकडे बघायला शिकवलं होतं. सुरुवातीला पातं पुढे जाताना आपल्यापुढे पाण्याची लहानशी लाट ढकलत नेतं. धार बारीक होत गेली की ते पाण्याच्या खाली शिरू लागतं आणि पाणी पात्यावर चढून खोलगट भागात येतं. पात्याच्या पूर्ण लांबीवर पाणी असं सारखं चढलं की काम जवळ आलं. इथे थांबणं फार अवघड जातं. हात रमलेला असतो, आवाज गोड येत असतो, अजून थोडं केलं तर अजून चांगलं होईल असं वाटतं. पण धार ठरावीक मर्यादेपलीकडे बारीक केली की पोलाद उभं राहू शकत नाही, तिची तार निघते आणि ती तार पहिल्याच गालावर मोडते. तात्या म्हणायचे, “लागलीय धार. आता घासतोयस ते तुझ्या हौसेसाठी.”

दगडाचं काम संपलं की पट्टा. खिळ्याला अडकवलेला जाडसर सुती पट्टा आणि त्याच्या जोडीला चामड्याचा. इथे सगळं उलट: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे नेली तर पट्टा कापला जाईल आणि धारही जाईल. पट्टा ताणून धरायचा, सैल सोडायचा नाही. सैल पट्टा पात्याभोवती वळतो आणि धारेला गोलाई आणतो. आधी कापडावर, मग चामड्यावर, ना दाब ना घाई. दगड पोलाद काढतो, पट्टा पोलाद जवळजवळ काढतच नाही. वाकलेली, चुरगळलेली कोर तो सरळ करतो आणि ओलावा पुसून घेतो. वस्तरा दगडावर क्वचित जातो आणि पट्ट्यावर रोज जातो. पट्ट्याचा हात चांगला असलेला माणूस एकदा लावलेली धार महिनोन्‌महिने चालवतो. तात्यांच्या बरोबरीचे काही जण दर आठवड्याला दगड काढत; त्यांचे वस्तरे दिवसेंदिवस अरुंद होत गेले. तात्यांचे वस्तरे त्यांच्या मागेही अजून रुंद आहेत, ते पट्ट्यामुळे.

धार राखण्यात निम्मा वाटा कोरडं ठेवण्याचा. जुन्या वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन असतो. ते कठीण होतं, धार धरतं, पण गंजायला वेळ लावत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात ओला वस्तरा रात्रभर मिटून ठेवला तर सकाळी धारेच्या कडेला काळे ठिपके दिसतात, आणि असा एक ठिपका पात्यात खड्डा पाडतो. म्हणून काम झालं की धुऊन, मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसून, मुठीच्या फटीतलं पाणीही टिपून घ्यायचं. मग शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. कातड्याच्या म्यानात ठेवायचा नाही, कातडं ओल धरतं. आणि तुरटीचा हात पात्याला लागू द्यायचा नाही. दाढीनंतर गालावर फिरवलेली तुरटी जखम आवळते, पण तिचं पाणी आम्लधर्मी असतं आणि ते बारीक धारेला खातं.

हे सगळं ज्यासाठी, ते काम मी घाटावर पाहिलं आहे. दुकानातल्या दाढीला गरम पाणी असतं, साबणाचा फेस असतो. रामकुंडावर दशक्रियेला बसलेल्या माणसाच्या डोक्याला नुसतं गोदावरीचं पाणी. साबण नाही, क्रीम नाही. तात्या ओंजळीने पाणी घालून, बोटांच्या टोकांनी डोकं इतका वेळ चोळत बसायचे की शेजारचे लोक वैतागत. कोरडा केस पात्याला ताठ उभा राहतो. पाणी पिऊन तो फुगतो, मऊ पडतो आणि सहज कापला जातो. शिवाय घाटावर आलेल्या माणसाच्या केसांत धूळ असते, कधी वाळूचा कण असतो, आणि वाळू पोलादापेक्षा कठीण. चोळण्यात ती वाळूही निघून जायची. मग भोवऱ्यापासून सुरुवात. भोवऱ्याजवळ केसांची दिशा बोटाबोटाला बदलते, तिथे तात्यांचा हात बोटाएवढाच चालायचा आणि दर वेळी दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली असायची. बाप गेलेला माणूस समोर मान खाली घालून बसलेला असतो. त्याला त्या दिवशी आणखी काही टोचता कामा नये, हे तात्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नाही. कुंडावर जायच्या आदल्या रात्री ते पट्ट्यावर जास्त वेळ घालवायचे, एवढंच मी बघितलं.

जावळाचं काम याहून नाजूक. वर्षाच्या बाळाची टाळू अजून पुरती भरून आलेली नसते. बोटाखाली नाडी उडताना लागते. केस मऊ, कातडी मऊ, आणि बाळ क्षणभर स्थिर बसत नाही. आईच्या मांडीवर बाळ रडतंय, मामा खुळखुळा वाजवतोय, आणि तात्यांचा वस्तरा थांबत थांबत चाललाय. बाळाने डोकं हलवलं की पातं तिथेच उचललेलं. बोथट वस्तऱ्याने असं काम होत नाही, कारण बोथट पात्याला दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की हात वेळेवर उचलता येत नाही. धारदार वस्तरा जास्त कापतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या धंद्यात उलट अनुभव आहे. कातडी कापते ती बहुतेक वेळा बोथट वस्तऱ्याने.

दगडाशी बसलो की तात्या एक गोष्ट सांगायचे, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. एके काळी याच वस्तऱ्याने विधवांचं केशवपन होत असे, कित्येक पोरी तर पुरत्या वयातही आलेल्या नसत. ‘दीनबंधु’चे संपादक आणि कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरायचा नाही, असं तिथे ठरलं. पोट त्याच कामावर असलेल्या माणसांनी हे ठरवलं. नको म्हणणाऱ्या, मान आखडून बसलेल्या डोक्यावर वस्तरा चालवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या हाताला माहीत होतं, त्यांनीच हात मागे घेतला. मला वाटतं, धार जाणणाऱ्या माणसाला हे अधिक लवकर कळलं असणार.

मग उघडा वस्तरा आमच्या हातून गेला आणि तो जायलाच हवा होता. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली बदलत्या पात्याचा रेझर विकायला काढला, पण त्याने आपल्याकडच्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा लगेच गेला नाही. घरी दाढी करणाऱ्यांची सोय झाली. आमच्यावर वेळ आणली ती रोगांनी. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही मागणी शहरांत रुजली, मग गावोगावी पोचली. हेपेटायटिस बी तर याहून चिवट. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात, कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस टिकू शकतो. वस्तरा उकळता येईल, औषधात बुडवता येईल, पण चामड्याचा पट्टा उकळता येत नाही, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये पात्याला पट्टा तर लागतोच. म्हणजे एकाच्या गालावरचं दुसऱ्याच्या गालावर नेण्याची वाट पट्ट्यातून उघडी राहते. १९९१ च्या सिंहस्थात आमच्या घरात वस्तरे चालले होते. २००३ च्या सिंहस्थात सगळ्यांच्या हातात अर्धं ब्लेड अडकवायचा दांडा होता. तात्यांनी तो बदल स्वतःहून केला, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. म्हणाले, “धार माझी असली तरी गाल त्याचा आहे.”

आता मुद्द्याचं. ब्लेड मोडून अर्धं केलं, दांड्यात सरकवलं की धार तयार. ती दगडावरच्या धारेपेक्षा सहसा जास्तच तीक्ष्ण असते. काम झालं की टाकून द्यायची. ज्याने कधी धार घडवली नाही, त्याला ही धार पाकिटातून येते आणि कचऱ्याच्या डब्यात जाते. मधल्या वेळात तिचं काय होतं, याची त्याला खबर नसते. माझ्याकडे दुसऱ्या दुकानांतून काम करून आलेली पोरं येतात. हात चपळ असतो, वेग असतो. पण ब्लेड ओढायला लागलं तर ती दाबतात. फेस वाळला तरी वरून फिरवतात. हनुवटीखाली केसांची दिशा बदलते तिथे त्याच रेघेत खाली जातात. गिऱ्हाइकाच्या मानेवर दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठतं आणि पोरगा म्हणतो, ब्लेडच खराब होतं.

ब्लेड खराब असू शकतं, पण ते खराब होतं कसं, याचं उत्तर आता प्रयोगशाळेतूनही आलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस कापताना पात्याचं काय होतं, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांचा शोधनिबंध २०२० साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरी तो पोलादाचा टवका उडवतो. केस ताठ, पात्याला काटकोनात कापला गेला तर फारसं बिघडत नाही. पण तो मोकळा असेल, वाकून तिरका पात्याच्या बाजूला भिडला आणि नेमकी त्या जागी पोलादाची मऊ आणि कठीण घडण शेजारी शेजारी असली, तर तिथून कोर फुटते. मी ते वाचलं तेव्हा मला रामकुंडावरचा तात्यांचा डावा हात आठवला. कातडी ताणून धरणं, केस भिजवून मऊ करणं, पातं केसाच्या दिशेने आणि लहान लहान टप्प्यांत नेणं, हे सगळं केसाला वाकायला जागा न देण्यासाठीच होतं. गिऱ्हाइकाच्या कातडीची काळजी आणि पात्याच्या धारेची काळजी एकाच हालचालीत होत होती.

म्हणून माझ्याकडे आलेल्या पोराला मी जुन्या बाजारातून आणलेला एखादा दातेरी, गंजका वस्तरा देतो आणि दगडाशी बसवतो. पहिल्यांदा नखावर पातं ओढताना त्याला काही कळत नाही. हळूहळू त्याला खाच कळते, मग घसरण कळते, मग तो स्वतःहून उजेडात पातं फिरवायला लागतो. एक दिवस तो आपल्याच हातावरच्या केसांवरून पातं नेतो आणि कातडीला स्पर्शही न होता केसांची टोकं उडतात. त्या दिवसानंतर त्याच्या हातातलं अर्धं ब्लेडसुद्धा वेगळं चालतं. त्याला आता आवाज ऐकू येतो. फेसाखाली ब्लेडचा स्वर बदलला की तो थांबतो, पुन्हा पाणी लावतो, कातडी ताणतो किंवा सरळ ब्लेड बदलतो. दाबणं मात्र बंद होतं, कारण दाबल्यावर धारेचं काय होतं हे त्याने स्वतः दगडावर भोगलेलं असतं. मी त्याला हे शब्दांनी कितीही सांगितलं असतं तरी ते हातात उतरलं नसतं.

आजकाल हेअर स्टायलिस्टचे कोर्स निघाले आहेत. कात्री, मशीन, रंग, फेशियल, सगळं शिकवतात आणि चांगलं शिकवतात. त्यांत दगड आणि पट्ट्याचे चार आठवडे घाला, एवढंच माझं मागणं आहे. गिऱ्हाइकावर वस्तरा चालवण्यासाठी नव्हे. तिथे नवं ब्लेडच हवं आणि त्यात तडजोड नको. धार कशी होते आणि कशी जाते, हे एकदा हाताला कळावं म्हणून. आमच्या समाजातल्या घरांनाही सांगणं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा पडला असेल तर तो भंगारात देऊ नका आणि शोकेसमध्ये काचेआडही ठेवू नका. गंज वरवरचा असेल तर पातं अजून जिवंत असतं. बारीक पॉलिश पेपरवर तेल घेऊन, धारेला न शिवता, पाठीपासून गंज काढा. १००० नंबरचा दगड आणा, तो आधी सपाट करा आणि पातं आडवं ठेवा. पाठ टेकलेली, धार पुढे, वजन फक्त वस्तऱ्याचं. पोराला शेजारी बसवा आणि त्याला आवाज ऐकू द्या. पुढे ते पोर न्हावी होवो की इंजिनियर, कुठलंही हत्यार हातात घेतल्यावर ते आधी त्याच्या धारेची चौकशी करेल, आणि दाब द्यायच्या आधी थांबेल.